वाट मोकळी कोणी करायची

ज्याची वाट असेल त्याने ती साफ ठेवावी, एवढं साधं आहे. हे मी गुरुजींना सांगितलं, ग्रामसेवकाला सांगितलं, फाट्यावर चहा पीत बसलेल्या टाळक्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी विचारलं, वाट कोणाची? तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. माझ्याकडे तर सगळ्यांनीच दाखवलं. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून पुरती उतरलेली नाही.

आमचं गाव जव्हारहून मोखाड्याकडे जाताना लागतं. मोठ्या रस्त्यावर फाटा आहे, फाट्यावर चहाची टपरी आणि जीप थांबायची जागा. गावात यायला डांबरी रस्ता आहे, पण तो शाळेला वळसा घालून येतो. आमच्या घराच्या कडेने मात्र एक पायवाट सरळ फाट्यावर निघते. तिच्या एका बाजूला आमच्या परसाचा दगडी बांध, जेमतेम गुडघ्याएवढा. दुसऱ्या बाजूला निर्गुडीचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे गुरुजींचं आवार. गुरुजी निवृत्त शिक्षक आहेत. घरात ते आणि काकू, दोघंच. या वाटेने खालच्या पाड्यातली माणसं मजुरीला जायला फाटा गाठतात, शेळ्या जातात, शाळेतली पोरं जातात. आणि रोज सकाळी माझे बाबा जायचे, एकटे.

एकटे म्हटलं ते उगाच नाही. बाबांना दिसत नाही. काचबिंदूने आधी एक डोळा गेला, मग दुसरा. ते एसटीत कंडक्टर होते. मी हात धरायला गेले की झटकायचे. म्हणायचे, "जन्मभर चालत्या गाडीत काही न धरता उभा राहिलो. आता ओट्यावरून उतरताना मला धरतेस?" काठीही नको. काठी बघितली की लोक आधी काठीशी बोलतात, असं त्यांचं म्हणणं. सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे, खिशाला पेन लावायचे, आणि डाव्या हाताने निर्गुडी चाचपत निघायचे. निर्गुडी संपली की थोडा उतार, उतार संपला की टपरीवरच्या स्टोव्हचा आवाज. बाकावर बसून आल्याचा एक चहा, जीपवाल्यांशी गप्पा. मोखाड्याची पहिली गाडी आली की तिचा आवाज ऐकून सांगायचे, हिचं मागचं टायर गेलंय, हिला ड्रायव्हर नवीन आहे. मग उजवा हात निर्गुडीवर ठेवून परत.

दिवसभरात एवढीच गोष्ट त्यांची स्वतःची होती. बाकी सगळं माझ्या हातात. आई गेली, माझं लग्न झालं नाही, आणि मी मोखाड्याला एका कचेरीत क्लार्क. ताट मी वाढायचं, गोळ्या मी काढून द्यायच्या, मोबाइलवर कोणाचा फोन आला तेही मी सांगायचं. ते काही बोलायचे नाहीत, पण फाट्यावरून परत आले की अंगात वेगळीच तरतरी असायची. मला बातम्या सांगायचे. मी पेपर वाचणारी बाई, पण गावात काय चाललंय ते मला बाबांकडून कळायचं.

गंमत अशी की पूर्वी ही वाट कोणी साफ करत नव्हतं, तरी ती साफ असायची. गुरुजींकडे गाई होत्या. सकाळी त्या वाटेने जायच्या, संध्याकाळी यायच्या, चरता चरता आणि तुडवत. वाटेवर उगवायची कशाची टाप नव्हती. काकूंचे गुडघे गेले, धारा काढणं होईना, तशा गुरुजींनी गाई विकल्या. मला काकूंचं वाईट वाटलं. वाटेचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्याच पावसाळ्यात वाट गडप झाली. तरोटा, आघाडा, कमरेएवढं गवत, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे घाणेरी. ती मेली कुंपणात शिरली आणि निर्गुडीच्या आडून काटे बाहेर काढून बसली. एके दिवशी बाबा फाट्यावरून आले ते कपाळावर रक्त घेऊनच. म्हणाले, "ओरखडा आहे." दुसऱ्या दिवशी हाताची सालटं निघाली. मग पाड्यातल्या कोणीतरी त्या वाटेवर फुरसं मारलं. फुरसं म्हणजे वीतभर साप, पाचोळ्यात दिसत नाही, आणि डोळस माणूसही त्याच्यावर पाय देतो. मी बाबांना म्हटलं, "दोन दिवस जाऊ नका. मी वाट साफ करून घेते."

"दोन दिवस ना?" त्यांनी विचारलं.

"दोन दिवस," मी ठासून सांगितलं, आणि तशीच गुरुजींकडे गेले.

गुरुजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी म्हटलं, "गुरुजी, वाटेचं काय करायचं?"

"कोणत्या वाटेचं?"

वाट त्यांच्या नाकासमोर होती. म्हणजे रान होतं, वाट त्याच्या खाली होती.

"ताई, ती वाट तुमच्या घराच्या कडेने जाते," ते म्हणाले. "घर तुमचं."

"आणि कुंपण तुमचं. घाणेरी कुंपणात आहे."

"कुंपण तुमच्या बाबांनी लावलंय. विचारा त्यांना."

मी घरी येऊन बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "दोघांनी लावलं. खड्डे मी खणले, निर्गुडीच्या फांद्या त्याने आणल्या. चांगला पाऊस होता त्या वर्षी." त्या वर्षीच्या पावसाचं मला काय करायचं होतं? माझ्याही उपयोगाचं नाही आणि गुरुजींच्याही, असं उत्तर द्यायची बाबांना जुनी खोड आहे.

कोणी म्हणेल, बाई, एवढं होतं तर स्वतः का नाही कोयता घेतलास? सांगते. आमच्याकडे एकदा ज्याने हात लावला, त्याच्या ते जन्माचं गळ्यात पडतं. यंदा मी तोडली की दरवर्षी मीच तोडायची. तेही चाललं असतं. पण कुंपणाच्या बाजूला मी कोयता लावला असता तर गुरुजी म्हणाले असते की ही आमची हद्द सरकवतेय. आणि गुरुजींनी बांधाच्या बाजूला कोयता लावला असता तर, खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हटलं असतं. कचेरीत रोज हेच बघते. हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

ग्रामसेवकाला गाठलं. तो भला माणूस, बसा म्हणाला, पाणी दिलं, आणि सांगितलं, "मॅडम, ही वाट नकाशात नाही. नकाशात नसलेली वाट आम्ही साफ कशी करणार?"

"मग फुरसं कसं आलं? त्याने नकाशा बघितला होता का?" मी विचारलं.  मी निघाले तेव्हा त्याने पुन्हा पाणी देऊ का म्हणून विचारलं.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. खाली अंगठेच अंगठे आले. कोणी नमस्कार टाकला, कोणी सुप्रभात. एका शहाण्याने लिहिलं, सगळ्यात जास्त वापर पाड्यातले लोक करतात, त्यांनी श्रमदान करावं. हे लिहिणारा स्वतः गेली कित्येक वर्षं ठाण्याला राहतो. तरी मी पाड्यात गेले. तिथे एक मावशी आहे, माझ्याच वयाची, पण सगळं गाव तिला मावशी म्हणतं. नवरा-बायको दोघं मजुरी करतात. स्वतःची जमीन नाही, एकाचा माळाचा तुकडा अर्धलीने, म्हणजे निम्म्या पिकावर, घेऊन नाचणी करतात. मी विषय काढल्यावर ती हसली.

"ताय, आमी कोयता लावला तर गुरुजी इचारतील कोणाला इचारून लावला. मागं शेवग्याची एक फांदी तोडली तर केवढं बोललं."

"मी सांगते ना त्यांना."

"तुमी सांगा. त्यांनी हो म्हटलं की आमी येतो."

गुरुजी हो म्हणाले नाहीत. म्हणाले, "मी कशाला हो म्हणू? वाट माझी आहे का?"  मी घरी येऊन भांडी घासली, ती इतक्या जोरात की बाबांनी विचारलं, "काही पडलं का?"

शेवटी एका रविवारी मी विळा घेतलाच. बांधापासून वाटेच्या मध्यापर्यंत, माझी बाजू, सरळ रेषेत कापत गेले. हाताला फोड आले, खाजकुइली लागून मान सुजली. पलीकडून गुरुजी खुर्चीतून बघत होते. मी फाट्यापर्यंत कापून परत आले तेव्हा म्हणाले, "छान." मध्यापलीकडे एक काडी मी कापली नाही. अर्धी वाट स्वच्छ आणि अर्धी जंगल. शेळ्या माझ्या अर्ध्यातून जायला लागल्या. मी बाबांना सांगितलं, चला, झाली वाट.

बाबा उतरले, हात पुढे केला आणि परत घेतला. म्हणाले, "बाय, माझा हात ज्या बाजूला असतो ती बाजू तशीच आहे गं."

"ती गुरुजींची आहे," मी म्हटलं.

"असेल," बाबा म्हणाले आणि ओट्यावर चढले.

त्यानंतर त्यांचा जीव कशात लागेना. ओट्याला दोन खांब आहेत. या खांबापासून त्या खांबापर्यंत जायचे, हात लावायचे, परत यायचे. फाट्यावर गाडी आली की थांबायचे. मग पुन्हा. मी सकाळी निघाले की तो फेऱ्यांचा आवाज माझ्या डोक्यात घेऊनच जीपमध्ये बसायचे. कचेरीतून दुपारी मी घरी फोन करायचे. "जेवलात का?" "जेवलो." "काय करताय?" "बसलोय." पण मागून पावलांचा आवाज यायचा. मी शेजारच्या टेबलावर उगाच खेकसायचे. समोरचा माणूस चुकीचा अर्ज घेऊन आला की पूर्वी मी त्याला नीट सांगायचे, आता अंगावर जायचे. मला रात्री झोप लागायची नाही आणि गुरुजींच्या घरातला दिवा विझलेला दिसला की आणखी राग यायचा.

एकदा मी सुट्टी टाकली आणि बाबांना डांबरी रस्त्याने फाट्यावर नेलं. हात धरून. जीप बाजूने गेली तर ते जागच्या जागी थबकले. माझ्या हातात त्यांचा हात ताठ झाला. टपरीवर पोचलो. चहावाला माझ्याकडे बघून म्हणाला, "आज बाबांना घेऊन आलात? बरं केलंत. बाबांना चहात साखर चालते ना?"

बाबा त्या टपरीवर इतकी वर्षं चहा पीत होते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "चालते." चहा अर्धाच प्यायले. येताना वाटेत एकदाच बोलले. "बाय, तो तुला विचारत होता." पुन्हा त्या रस्त्याने चला म्हटलं की त्यांचं पोट बिघडलेलं असायचं किंवा पाय दुखत असायचा.

पाऊस संपला. गवत वाळलं, पण घाणेरी काही वाळत नाही. ती तशीच फुललेली, लाल-पिवळी, वर आणखी ऐट. नवरात्र झालं, दिवाळी झाली. गुरुजींकडून फराळाचं ताट आलं, आमच्याकडून गेलं. ताटांची ये-जा चालू आणि बोलणं बंद. काकू मध्ये कधी भेटल्या तर दबक्या आवाजात विचारायच्या, "भाऊजी कसे आहेत?" मी म्हणायचे, "बसलेत."

पौषात मी फाट्यावर जीपची वाट बघत होते, तिथे मावशी भेटली. डोक्यावर काही नाही, हातात नुसता कोयता. जंगलातून रिकामी आली होती. म्हणाली, "राबाला पालापाचोळा भेटंना ताय. लांब जावं लागतं, आणि गार्ड बोलतो."

राब म्हणजे भाताचं, नाचणीचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, गवत पसरून जाळतात. त्याशिवाय आमच्या लाल मातीत रोप धड उठत नाही. मी लहान असताना आमच्या घरीही राब जाळायचे. आणि मला एकदम आठवलं, आमच्या आजोबांच्या काळी याच झाडोऱ्यावरून भांडणं व्हायची. पण उलटी. तू माझ्या बांधावरची घाणेरी का तोडलीस, ती माझ्या राबाची होती, म्हणून डोकी फुटायची. तेव्हा गावात वाट अडेल एवढं काही शिल्लकच राहायचं नाही. आता आम्ही सगळे पगारदार झालो, शेती दुसऱ्याला दिली, आणि ज्याच्यासाठी भांडायचो तेच दुसऱ्याच्या गळ्यात मारायला भांडतोय. हे मला तिथे उभ्या उभ्या सुचलं, आणि मी स्वतःवरच खूश झाले.

"मावशी, आमच्या वाटेवरचं ने की. सगळं ने."

"गुरुजी?"

"गुरुजींचं मी बघते."

आणि गुरुजी एका शब्दात हो म्हणाले. का म्हणणार नाहीत? त्यांनी कोयता लावायचा नाही, मी लावायचा नाही. तोडणारा स्वतःच्या गरजेला तोडणार, म्हणजे हद्दीचा प्रश्न नाही, पुढच्या वर्षी कोणाच्या गळ्यात पडायचा प्रश्न नाही. "हे आधीच सुचायला हवं होतं," ते म्हणाले. काकूंनी चहा केला. इतक्या महिन्यांनी आम्ही एकत्र बसून चहा प्यायलो, आणि येताना काकूंनी वेलावरचा दुधी काढून माझ्या हातात दिला. मी बाबांना काही सांगितलं नाही. म्हटलं, वाट तयार झाली की एकदम सांगू.

तोडणी झाली त्या दिवशी मी कचेरीत होते. संध्याकाळी जीपमधून फाट्यावर उतरले आणि बघतच राहिले. फाट्यावरून आमच्या घराचा ओटा दिसत होता. घाणेरी नाही, गवत नाही, एक काटा नाही. मावशीने आणि तिच्या नवऱ्याने जमीन झाडल्यासारखी केली होती. कुंपणाच्या जागी बोटभर उंचीचे पांढरे खुंट होते. गुरुजी वाटेच्या फाट्याकडच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभे. "काय ताई, झाली की नाही मोकळी? मी बसून करून घेतली. त्यांनी विचारलं, निर्गुडी पण न्यायची का? म्हटलं न्या, तिच्यातच तर घाणेरी लपते. राबाला तोडताना कोण मागे ठेवतं?"

मलाही बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण त्या क्षणी मला बरंच वाटलं. एवढं उघडं, एवढं स्वच्छ. डोळे असलेल्या माणसाला तसंच वाटणार. मी त्या वाटेने भराभर चालत घरी आले आणि दारातूनच म्हटलं, "बाबा, उद्या फाट्यावर जा. वाट मोकळी झाली."

बाबा खांबापाशी थांबले. "पूर्ण?"

"पूर्ण. दोन्ही बाजू."

त्यांनी तेव्हाच शर्टाला इस्त्री करायला सांगितली.

सकाळी मी डबा भरून ओट्यावर आले तेव्हा ते उतरत होते. दाढी केलेली, खिशाला पेन. मी मागे उभी राहिले. त्यांना माझी सोबत नको असते, म्हणून आवाजही केला नाही. ते वाटेच्या तोंडाशी गेले आणि त्यांनी डावा हात बाजूला केला.

हात हवेत राहिला. त्यांनी तो थोडा आणखी लांब केला. मग थोडा खाली. मग एक पाऊल डावीकडे टाकलं, की आता लागेल, आणि पुन्हा हात फिरवला.  मला तेव्हा कळलं. राबाला तोडताना कुंपण ठेवत नाहीत, हे मला माहीत होतं, माझ्या आजोबांना माहीत होतं, गुरुजींना माहीत होतं. आणि बाबांचा हात कशावर असतो हेही मला आणि गुरुजींना माहीत होतं. ही दोन्ही एकत्र कोणाच्याही डोक्यात आली नाहीत.

हाक मारावी असं शंभरदा वाटलं. पण मला वाटलं सापडेल त्यांना, पायाने सापडेल, इतकी वर्षं चालले आहेत. त्यांचा पाय एका खुंटाला अडखळला. ते सावरले आणि खुंट ओलांडून पलीकडे गेले. तिथून सरळ चालत राहिले, हात पुढे, डोकं थोडं वर, गाडीत चालायचे तसे. गुरुजींच्या मागच्या अंगणात काकू अंघोळीचं पाणी तापवत होत्या. चुलीचा धूर होता, पातेल्याचा आवाज होता, आत गुरुजींच्या मोबाइलवर गाणी लागली होती. बाबा तिकडे वळले. धुराच्या जवळ जाऊन थांबले. पायाने चाचपलं, तिथे धुण्याचा दगड होता, त्यावर बसले.

"एक चहा दे रे," ते म्हणाले. "आलं जरा जास्त टाक."

काकू हातात फुंकणी घेऊन तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी मान वर करून ओट्याकडे बघितलं. मध्ये काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांना मी दिसले आणि मला त्या.  त्या जमिनीवर हात टेकून कशाबशा उठल्या, आत गेल्या. आत मोबाइल बंद झाला. बराच वेळ लागला. बाबा बसून होते, मान तिरकी करून, गाडीची वाट बघत असावेत. काकू आल्या त्या चहा घेऊन. कप नाही, ग्लास आणला होता, टपरीवर असतो तसा छोटा काचेचा. कुठून शोधला कोण जाणे. बाबांच्या हातात दिला.

बाबांनी घोट घेतला. "मोखाडा गेली का?" त्यांनी विचारलं.

"येईल आता," काकू म्हणाल्या.

बाबांचा ग्लास तोंडापाशीच थांबला. त्यांनी तो खाली केला नाही. हळूहळू, न थांबता, सगळा चहा संपवला, ग्लास दगडावर ठेवला, ठेवताना दगड कसला आहे ते बोटांनी बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, आलं छान पडलंय."

ते उठून उभे राहिले आणि कुठेच गेले नाहीत. मी ओट्यावरून धावत गेले, खुंटांवरून, चप्पल तिथेच तुटली. मी जवळ गेल्यावर त्यांनी ओळखलं. आणि जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतःच हात पुढे केला. "धर," म्हणाले. "घरी चल." त्यांचा हात अजिबात ताठ नव्हता. लहान मुलासारखा माझ्या हातात दिला होता, आणि मला तो तसा नको होता. मला हवं होतं, त्यांनी माझा हात झटकावा.

त्या दिवशी मी कामावर गेले नाही. बाबांना ओट्यावर बसवलं आणि थेट खुंटांपाशी जाऊन गुरुजींना हाक मारली. ते आले. त्यांचाही चेहरा उतरला होता, पण मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता.

"तुम्ही घरी होतात," मी म्हटलं. "डोळ्यांदेखत तोडली तुम्ही."

"तोडायला सांगितलं तुम्ही. सगळं ने म्हणालात तुम्ही."

"कुंपण ने म्हटलं का मी?"

"मग नको असं तरी म्हणालात का?"

तेवढ्यात मावशी पाड्यातून आली, उरलेला भारा न्यायला. आमची तोंडं बघून तिने उचललेला भारा खाली ठेवला. म्हणाली, "खुंट हायेत ताय. पावसाळ्यात फुटंल." तिच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं, आणि मी तिच्यावरही चिडले. ती भारा तिथेच टाकून निघून गेली. गुरुजी म्हणाले, निर्गुडी फुटेपर्यंत लाकडी मेढी रोवून दोरी बांधू. मी म्हटलं, बांधा. ते म्हणाले, मेढी तुमच्या बाजूला रोवा, माझी हरकत नाही. मी म्हटलं, कुंपण जिथे होतं तिथेच रोवायच्या, सरकवायच्या नाहीत. ते म्हणाले, कुंपण नेमकं कुठे होतं हे आता कोण सांगणार, खुंट तर तिरके आहेत. मी म्हटलं, बघा, शेवटी हद्दीवरच आलात. ते म्हणाले, मी आलो? आणि मेढी कोणी आणायच्या, खड्डे कोणी खणायचे, पाणी कोणी घालायचं, असं करत करत आम्ही मागच्या श्रावणातल्या पहिल्या वाक्यापाशी परत येऊन पोचलो. काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्या हाताने खुणा करत होत्या, पण आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत नव्हतो.

"भांडू नका आता," बाबा ओट्यावरून म्हणाले. "मला कुठे जायचं नाहीये."

त्यांना ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आम्ही बोलत होतो.